पिंपळखेडच्या शोभाबाईची पाटी

हे मी आजलोक कोनाले सांगतलं नाही. बायकोले नाही, लेकीले नाही. देवापुढं हात जोडून बसलो तं तिथं बी दुसरंच काई मांगून उठतो. तुमाले काहून सांगून राहिलो? तुमी मले ओळखत नाही म्हनून असन. ओळखीच्या मानसाच्या डोळ्यात पाहून हे बोलाची मायी छाती नाही — आता केस पिकल्यावर बी नाही.

मांगच्या उन्हाळ्यात एक पोरगा घरी आला होता, कॅमेरा घेऊन. वऱ्हाडातल्या बंद पडलेल्या टाकीजच्या आठवनी गोळा करते म्हने. मी आता लेकापाशी अमरावतीले राहतो, पन मायी जिंदगी गेली अकोल्यात, टाकीजच्या केबिनमंधी. ऑपरेटर होतो मी. पडद्यावर जे दिसे ते माया हाताखालून जाय. त्या पोराले मी लय सांगतलं बाप्पा! अंजनगाव सुर्जीकडच्या जत्राइमंधी तंबूच्या टाकीजवर मशीन पुसत पुसत कसा शिकलो, ते सांगतलं. मशीनच्या पोटात कोळशाच्या दोन कांड्या जळत, त्याइच्यातलं अंतर जरासंक बिघडलं की पडदा पिवळा पडे अन् खालून मायबहिनीवर शिव्या येत, ते सांगतलं. पोरगा खूश. निंगता निंगता त्यानं इचारलं, "काका, कोनालेच सांगतली नाही अशी एखादी आठवन?" मी म्हटलं, "नाही रे बा, मायं सारं उघडं आहे." अन् चाय पाजून त्याले वाटेले लावलं.

सारं उघडं आहे म्हने! लाज वाटाले पाहिजे होती ना? नाही वाटली. सवय झाली होती.

आमच्या टाकीजचं नाव मी घेत नाही. ती पाडून आता तिथं कपड्याचं दुकान आहे, काचाइचं, थंडगार. मी एक डाव आत जाऊन पाह्यलं. जिथं केबिन होती तिथं लहान लेकराइचे कपडे लटकून होते. मी लगेच बाहेर आलो.

तवा मोबाईल नव्हते, हे तुमाले सांगाले नको. खेड्यावरून मानूस पिक्चरले आला अन् मांगं घरी काई झालं तं त्याले सांगाचं कसं? अंधारात पाच-सहाशे मानसं. मंग घरचा कोनी सायकल मारत टाकीजवर ये, अन् ऑपरेटर स्लाईड लावे. हाताएवढी काच, तिच्यावर काजळी धराची, अन् खिळ्यानं अक्षरं कोराची — अमक्या गावच्या अमक्यानं ताबडतोब बाहेर यावं. खेड्यावरचे लोकं त्याले पाटी म्हनत. चालत्या पिक्चरवर पाटी लावली तं वाचता येत नसे, म्हनून पिक्चरचा उजेड घडीभर झाकावा लागे. गानं आयकू येऊन राहिलं अन् पडद्यावर पाटी! पब्लिक बोंबलत असे. पन ज्याचं नाव असे तो अंधारात धडपडत उठे, अन् त्याच्या बाजूचा मानूस पाय आवरून त्याले वाट दे. शिव्या देनारा बी वाट दे. असा रिवाज होता.

मायं अक्षर चांगलं होतं. त्याचा मले लय गर्व होता.

अन् शुक्रवारी दुपारी बायाइचा खेळ राहे. फक्त बायाइचा. गेटवर बी बाईच — केसरबाई. मानसाले आत पाय ठेवू देत नसे. मी सांगून राहिलो त्या दिवसाइत देवीचा पिक्चर लागला होता. आता तुमाले खोटं वाटन, पन बाया चपला बाहेर काढून येत. हातात नारळ, ताट, निरांजन. पडद्यावर देवी परगट झाली की खाली साऱ्या उठून उभ्या राहत अन् आरती करत. अंधारात सगळीकडे दिवेच दिवे. वरतून केबिनच्या खिडकीतून मी पाहो अन् मायाच अंगावर काटा ये. शेठनं मले बजावून ठेवलं होतं, आरतीच्या वक्ताले पडदा काळा झाला तं उद्यापासून येऊ नको.

पाहा, मी शेठवर घालाले लागलो. तसं नाही. शेठ त्या दिवशी टाकीजवर नव्हताच.

त्या शुक्रवारी केबिनचा जिना चढून एक पोरगा आला, पंचविशीचा असन. धापा टाकून राहिला होता. पिंपळखेडचा. म्हने, मायी वहिनी आत आहे, शोभा तिचं नाव. तिच्या पोराले उलट्या लागल्या, झटके येऊन राहिले. भाऊ अन् माय त्याले जीपमंधी टाकून मोठ्या दवाखान्यात आनून राहिले. वहिनीले बाहेर काढा. आमच्या टाकीजपासून तो दवाखाना किती दूर? पायी चालत गेलं तं पान खाऊन होत नाही तेवढ्यात येते.

मी काच घेतली. काजळी धरली. चांगल्या अक्षरात लिहिलं — पिंपळखेडच्या शोभाबाई यांनी ताबडतोब बाहेर यावे. त्याले दाखवलं बी. तो म्हने, हो, हेच. मी म्हटलं, जाय तू, गेटवर थांब, लावतो. तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

अन् मी काच मशीनच्या बाजूले ठेवली.

काहून? तुमी इचारसान, अन् मी बी मले इचारलं आहे. आरती सुरू होत होती, हे खरं. पन आरती किती वेळ चालते? ती झाली, निरांजनं इझली, बाया खाली बसल्या. तवा लावता आली असती. नाही लावली. सांगतो काहून — मी मनात हसत होतो. सासरची तऱ्हा माया पाहन्यातली होती. सून पिक्चरले गेली की सासूच्या पोटात दुखे, अन् मंग कोनाले तरी धाडून स्लाईड लावत. घरी तुया सासऱ्याले बरं नाही, चाल. घरी गेली की सासरा ओट्यावर बिडी पीत बसला आहे! असं मी दोन-तीनदा पाह्यलं होतं. मले वाटलं, हे बी तसंच. मले वाटलं, बिचारी हप्त्यातून दोन घटका बसली आहे, बसू दे. पाहा — त्यात बी मी सोताले भला मानूस समजलो. त्या पोराच्या तोंडाकडे मी पाह्यलंच नव्हतं का? पाह्यलं होतं. त्याच्या ओठाले कोरड पडली होती. नाटक करनाऱ्याचे ओठ असे नसतात, एवढं मले समजत होतं. पन समजून घ्याचं नव्हतं. खेळ मस्त रंगला होता, मशीन सुरेख चालून राहिली होती, अन् बाया देवीसोबत माया बी नावानं ओवाळतात असं मले वाटे. असा माजलो होतो मी.

म्हटलं, इंटर्वलमंधी लावू.

इंटर्वल झाली. मी काच हातात घेतली अन् खिडकीतून केसरबाईले हाक मारली, तो पिंपळखेडवाला आहे का? ती म्हने, वाट पाहू पाहू आताच गेला, लय तनतनत गेला. पाटी वाचून बी वहिनी उठली नाही म्हने.

त्याले आत काय चाललं ते दिसत नव्हतं ना. त्याले वाटलं मी लावली.

आता आयका. इथलोक मी मूर्ख होतो, माजोरी होतो. याच्यापुढं मी जे केलं ते डोकं ठिकानावर ठेवून केलं. मी तिथं काच घेऊन उभा. बत्त्या लागलेल्या. बाया शेंगदाने खाऊन राहिल्या, लेकराइले मुतवून आनून राहिल्या. मी काच लावली असती तं ती उठली असती, गेटवर आली असती. मंग समजलं असतं का पाटी आता लागली. मंग तो दीर परत आला असता, शेठपाशी गेला असता — मी तवाच सांगतलं होतं, यानं लावली काहून नाही? मायी नोकरी. मायं नाव. मी इचार केला, अन् सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली. पूर्न पुसली. काजळी बाहीले लागली, ती मी घरी जाऊन सोताच धुतली, बायकोले धुवू नाही देली.

मंग दुसरी रीळ चढवली अन् बाकीचा पिक्चर दाखवला.

लेकरू संध्याकाळी गेलं. तीन वर्साचं होतं. म्हनजे इंटर्वलमंधी बी पाटी लागली असती तं माय पोचली असती. लेकरू वाचलं असतं का? ते मले माहीत नाही, अन् त्याच्या आडून मी लपत नाही. पन त्यानं मायले पाह्यलं असतं. तिच्या हातात गेलं असतं. ते आई आई करत होतं म्हनतात.

अन् ती बाई पिक्चरले कायले आली होती? त्या लेकरासाठीच. त्याची तब्येत सदा कुरकुर करे, म्हनून तिनं नवस केला होता का शुक्रवारचा उपास धरीन अन् देवीचं दर्शन पडद्यावर घेईन. पिक्चर सुटल्यावर पदरात परसादाचं खोबरं बांधून ती गावच्या गाडीत बसली. दवाखान्यापुढूनच ती गाडी जाते.

चार-पाच दिवसानं तिचा नवरा टाकीजवर आला. सोबत गावचे दोन बुढे. शेठ बी होता. नवरा काई ओरडला नाही. डोळे सुजलेले. त्यानं मले एवढंच इचारलं, "भाऊ, पाटी लावली होती का?"

मी म्हटलं, "लावली ना. दोन डाव लावली."

दोन डाव! एक डाव म्हटलं असतं तरी खपलं असतं. दोन डाव मले कोनी इचारलं होतं? मीच जोडलं, पक्कं दिसावं म्हनून. शेठनं मान डोलावली. नवऱ्यानं मले हात जोडले अन् ते तिघं बी गेले. हात जोडले त्यानं मले — बापा रे. मी बी उलटून हात जोडले.

मंग समजत गेलं. तिनं लय सांगतलं, पाटी लागलीच नाही, मले वाचता येते, सातवी शिकली आहे मी. कोन आयकते? खेळातल्या बाकीच्या बायाइले इचाराले कोनी गेलं नाही. ऑपरेटर सांगते दोन डाव लावली. दीर सांगते माया डोळ्यापुढं काच लिहिली. लेकरू मरत होतं अन् ही पिक्चर पाहत बसली — हे गावात झालं, नात्यात झालं. नवऱ्यानं तिले माहेरी धाडलं, ते परत नेलंच नाही. त्यानं दुसरी केली. अकोल्यात बाया पिक्चरले निंगाल्या की सासवा म्हनत, पिंपळखेडवालीसारखं करू नका. हे मी माया कानानं टाकीजच्या पायरीवर आयकलं आहे. आयकून वर गेलो अन् मशीन सुरू केली.

तुमी म्हनसान, जवानीत झालं, भेऊन झालं. हो का? मंग पुढचं आयका, ते काई जवानीतलं नाही. ते मांगच्या वर्साचं आहे.

मायी लेक बार्शीटाकळीले देली. चांगलं घर, वावर आहे, जावई सरळ मानूस. लग्नात मले काई माहीत नव्हतं. नातीच्या बारशाले गेलो तवा पाह्यलं, मांगच्या दाराशी एक पांढऱ्या केसाची बाई उभी आहे, अन् पाळन्यापाशी येत नाही. लेकीले इचारलं, हे कोन? म्हने, आत्याबाई, यांची आत्या. शुभकार्यात पुढं येत नाहीत. मंग लेकीनं आवाज बारीक करून पिंपळखेडच्या पाटीची सारी कथा मले सांगतली. मले — माया लेकीनं! मी म्हटलं, असं का. अन् बर्फी खाल्ली.

पन त्याच दिवशी, पाहुने पांगल्यावर, मांगच्या खोलीत मी पाह्यलं. आत्याबाई नातीले मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या टाळूले तेल लावून राहिली होती अन् काईतरी गुनगुन करून राहिली होती. लेक म्हने, पोरगी त्याइच्यापाशीच राहते बाबा, मायापाशी रडते. साऱ्या गावानं जिले दोष देला ती एकटी सोताले निर्दोष समजून होती, म्हनून तिचे हात लेकराले धजत होते. हे मले तवा नाही समजलं. आता समजलं.

मांगच्या दिवाळीत परत गेलो. दुपारी ओट्यावर जावई, त्याचा भाऊ, दोन शेजारी बसले होते. जावयानं कौतिकानं सांगतलं, मामा अकोल्याच्या टाकीजवर ऑपरेटर होते. टाकीजचं नाव बी घेतलं. आत्याबाई चायचे कप घेऊन आली होती. ती थांबली. कप ठेवून दाराच्या चौकटीपाशी खाली बसली. ती अशी मानसाइत कधी बसत नाही, म्हनून सारे तिच्याकडे पाहाले लागले.

तिनं इचारलं, "भाऊ, देवीच्या पिक्चरले तुमीच होते का?"

मी म्हटलं, "हो."

ती रडली नाही, भांडली नाही. म्हने, "मी इतकी वर्सं एकच सांगत आली, पाटी लागलीच नाही. पन इतके लोकं म्हनतात लागली, तं कधी कधी मले वाटते मीच आंधळी होती का? आरतीत डोळे मिटले होते का मी? तुमी खरं काय ते सांगा. तुमी म्हनसान ते मी मानीन."

असा मौका देव किती लोकाइले देते? ती माया पुढं बसली होती. मी म्हनू शकलो असतो, बाई, मी लावली नाही. म्हनू शकलो असतो, आठवत नाही. एवढं अर्धं खोटं बोललो असतो तरी तिची जागा तिले राहिली असती. मी जावयाच्या तोंडाकडे पाह्यलं. लेक आत भांडे घासत होती, तिचा आवाज येत होता. अन् माया तोंडातून तेच शब्द निंगाले, जसेच्या तसे, जसे काई वाटच पाहत होते.

"लागली होती ताई. दोन डाव लागली."

"दोन डाव?"

"हो."

ती चौकट धरून उठली. मंग म्हने, "मंग मी पाह्यली असन." कप गोळा केले अन् आत गेली. जावई मले म्हने, बरं झालं मामा, त्याइच्या मनाचा खटका गेला.

काल लेकीचा फोन आला होता. म्हने, बाबा, आत्याबाई आता शांत झाल्या आहेत. कोनी इचारलं तं सोताच सांगतात, मी पाटी वाचली होती, मीच उठली नाही. पन एक झालं म्हने. दिवाळीपासून त्या पोरीले मांडीवर घेत नाहीत. पोरगी त्याइच्या मांगं मांगं जाते, लुगड्याले धरते, रडते. आत्याबाई हात मांगं घेतात. म्हनतात, मायापाशी नको देऊ हिले, मायं ध्यान राहत नाही. लेक मले इचारत होती, बाबा, असं काहून झालं असन?

मी म्हटलं, उमर झाली त्याइची.

असं म्हटलं मी. काल. अन् फोन ठेवून चाय पेलो.

अमरावतीहून अकोल्याले गाडी घडीघडीले आहे, तिथून बार्शीटाकळी काई दूर नाही. मायी तब्येत चांगली आहे, पाय चालतात. मी गेलो नाही. जाईन असं बी तुमाले सांगत नाही, कारन माया सांगन्याचं काय मोल आहे ते तुमी आता पाह्यलं. जे आहे ते एवढंच आहे. पिंपळखेडच्या शोभाबाईनं पाटी पाह्यली नाही. पाटी लागलीच नव्हती. ती काच माया हातात होती.